एका डोळ्याखालची सावली

"माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्यावरची सावली पळाली," ती बाई म्हणाली, "आणि उद्या सकाळी हवालदार मला न्यायला येणार आहेत."

कंपाउंडरांच्या हातातला चहा बशीत सांडला. तीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधलेला माणूस तो, लोकांची नाही नाही ती दुखणी ऐकलेला. पण सावली पळाल्याची तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

"बसा," चष्मेवाले म्हणाले. "आधी पाणी प्या. मग पहिल्यापासून सांगा."

चष्मेवाले म्हणजे कंपाउंडरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चष्म्याचं दुकान मुलाच्या हवाली करून त्यांनी मागच्या खोलीत खासगी तपासाचा धंदा मांडला होता. कंपाउंडर निवृत्त झाले तेव्हा बहिणीने सांगितलं, "घरात पायात पायात करू नकोस, भाऊजींच्या हाताखाली बस." तेव्हापासून ते बसले होते. मेहुण्यांचा तपासात उपयोग काय, असं कुणी विचारलंच तर चष्मेवाले म्हणत, "मला जे विचारायची लाज वाटते, ते हे विचारतात. एकच खोट आहे. तोंडात तीळ भिजत नाही."

बाईने पदराने तोंड पुसलं. वय पस्तिशीचं. नखांच्या कडांना रंग बसलेला, साबणाने न जाणारा.

"माझे सासरे काचेवर चेहरे रंगवायचे. गेलेल्या माणसांचे. लोक फोटो आणून देत, मामंजी काचेवर उतरवून देत. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, तेव्हा मामंजींनी माझ्या हातात ब्रश दिला. म्हणाले, रडायचं तर रड, पण हात चालू ठेव."

"काचेवर म्हणजे कसं हो?" कंपाउंडरांनी विचारलं.

"काचेच्या मागून, काका. रंगवायचं पाठीवर आणि बघायचं पुढून. त्यामुळे सगळं उलट. कागदावर आधी चेहऱ्याचा रंग, त्यावर सावली आणि शेवटी डोळ्यातला पांढरा ठिपका. आमच्यात ठिपका आणि रेघा पहिल्या. त्यांच्या पाठीवर सावली. आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्याचा रंग, सगळं झाकून टाकणारा."

"भुताचे पाय उलटे असतात, तसं," कंपाउंडर बोलून गेले आणि जीभ चावली.

"सावली सगळ्यात अवघड," ती म्हणाली. "रंग ओला आहे तोवर बोटाने टिपून टिपून तिची कड विरवायची, कुठे सुरू झाली ते कळता कामा नये. ब्रशने नाही जमत, ओरखडे दिसतात. एका चेहऱ्याला मामंजींना तीन तास लागत. त्या वेळी दार बंद. धूळ उडते म्हणून हाकसुद्धा मारायची नाही. नुसत्या रेघा असतात तोवर कुणीही यावं, बघावं. सावलीला बसले की घरातलं कुत्रंही बाहेर."

मग तिने परवाची हकिगत सांगितली. बायको जाऊन बारा वर्षं झाली, पण तिचा चेहरा म्हाताऱ्यांनी कधी काचेवर घेतला नव्हता. गेल्या आठवड्यात घेतला. सुनेला म्हणाले होते, "डावी बाजू मी करतो, उजवी तू कर. बघू, कुणाचा हात कुठला ते ओळखू येतं का."

परवा सकाळी अकराला शेजारचे फ्रेमवाले माप घ्यायला आले. तेव्हा काचेवर नुसत्या रेघा आणि पांढरे ठिपके होते. त्याच वेळी ती एक तयार चित्र पोचवायला बाहेर पडली. घरात म्हातारे आणि भेटायला आलेली त्यांची लेक. साडेबाराला ती परतली, तेव्हा नणंद मोरीत हात धूत होती.

"वन्सं म्हणाल्या, बाबा सावलीला बसलेत, दार वाजवू नकोस. आणि शाळेत गेल्या. दुपारच्या शाळेत त्या चित्रकला शिकवतात. मी एकला दाराबाहेर ताट ठेवलं. चारला पाहिलं तर ताट तसंच. म्हणून दार ढकललं." ती थांबली. "मामंजी काच ठेवायच्या घोडीच्या लोखंडी पायाशी पडले होते. डोक्याला खोक. घोडीवर काच आडवी होती, आणि सासूबाईंचा चेहरा पुरा झालेला. गालाखाली सावली, हनुवटीखाली सावली. मी एकच नजर टाकली, पण पाहिली."

"आणि मग?"

"सहाला हवालदार आले. त्यांनी काच उचलून भिंतीला टेकवून उभी केली. सातला मोठे दीर आले आणि दारातच ओरडले. चेहरा ताटासारखा सपाट! गालाखाली काही नाही, हनुवटीखाली काही नाही. फक्त एका डोळ्याखाली काळं, रडून रडून आल्यासारखं. दीर म्हणाले, भुताला सावली नसते. तेव्हापासून त्या खोलीत कुणी जात नाही. मीसुद्धा नाही."

"काचेवरची सावली पुसता येते?"

"वरचा रंग खरवडल्याशिवाय नाही. तो तर जागेवर आहे."

"आणि हवालदाराचं म्हणणं?"

"साधा हिशोब, म्हणतात. अकराला रेघा होत्या, चेहऱ्याला तीन तास. म्हणजे मामंजी दोनपर्यंत तरी जिवंत होते. आणि साडेबारा ते चार घरात मी एकटी." तिचा आवाज फाटला. "काका, ज्याने मला उभं केलं त्या माणसाला मी ढकलीन? तुरुंगात टाका हवं तर. पण मी असं केलं, हे लोकांच्या तोंडी राहिलं तर मी ब्रश कोणत्या हाताने धरू?"

चष्मेवाले उठले आणि त्यांनी टोपी घातली.

* * *

खोलीत शिरताच कंपाउंडरांना वाटलं, आपण न बोलावता कुणाच्या तरी बैठकीत आलो. तिन्ही भिंतींवर चेहरे होते. घेऊन जायला कुणी न आलेली गिऱ्हाइकं. मिशीवाले, नथवाल्या, एक दुधाचे दात पडलेला मुलगा. प्रत्येकाच्या गालावर सावली इतकी मऊ, की आता श्वास घेतील असं वाटावं. आणि सगळे दाराकडे बघत होते.

चौथ्या भिंतीशी ती काच होती. तिच्यातली बाई तेवढी मेलेली दिसत होती. सपाट गव्हाळ चेहरा, वर रेघांचं नाक, रेघांचे ओठ. आणि डाव्या डोळ्याखाली अंगठ्याएवढी एक सावली, कड अलगद विरलेली.

"भाऊजी, ही माझ्याकडेच बघतेय," कंपाउंडर कुजबुजले.

"मग नमस्कार करा."

चष्मेवाल्यांनी भिंतीला गाल लावून काचेच्या मागे डोकावलं. बराच वेळ.

"मागे काय आहे?"

"रंग," चष्मेवाले म्हणाले आणि घोडीकडे वळले. उंच लोखंडी घोडी. मध्ये चौकट मोकळी, तिच्यावर काच आडवी ठेवायची. खाली, पायांच्या मध्ये, एक तिरका आरसा होता. त्याच्यावर रंगाचा फडका टाकलेला.

"हा कशाला?" त्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या सुनेला विचारलं.

"पाठीवर काम करताना पुढून कसं दिसतंय ते त्यात बघायचं. सावली लावताना तर डोळा आरशातच लागतो. त्याच्याशिवाय आंधळं काम."

"झाकला कुणी?"

"मी नाही. मला वाटलं हवालदारांनी. ते म्हणतात, आले तेव्हा झाकलेलाच होता."

कंपाउंडर फरशीवरच्या डागापाशी वाकले होते. घोडीच्या पायापासून निघालेला डाग थेट भिंतीपर्यंत गेला होता. इतकं रक्त एकदम येत नसतं, ते वाहत राहतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वर पाहिलं. चष्मेवाल्यांनी 'आत्ता नको' अशी मान हलवली आणि सुनेला विचारलं, "त्यांचे हात तुम्ही पुसलेत?"

"हो. उजव्या अंगठ्याला तपकिरी रंग होता. बाकी हात स्वच्छ."

"टापटिपीचा माणूस," कंपाउंडर म्हणाले.

* * *

फ्रेमवाल्यांचं दुकान शेजारीच होतं. म्हातारा इतका थरथरत होता की खिळा पेटीत टाकायला त्याला तीन प्रयत्न लागले.

"चाळीस वर्षं त्याच्या चित्रांना चौकटी केल्या," तो म्हणाला. "आता खिळे माझी सून ठोकते, मी नुसती मापं घेतो. परवा अकराला गेलो तेव्हा तो खुशीत होता. लेकीशी काहीतरी चाललं होतं, नेहमीचंच. मला शिकवा, मला शिकवा. ती पोर लहानपणापासून दाराशी उभी राहायची. रेघा ओढताना बघायची. पण सावलीच्या दिवशी दार तिच्याही तोंडावर बंद. अवघडच माणूस होता."

"मुलाला शिकवलं का?"

"थोरल्याला? धरून बसवलं होतं. तो पळाला."

थोरला औषधांच्या एका दुकानात सापडला. काचेच्या दाराच्या आतल्या बाजूने तो दुकानाचं नाव लिहीत होता. बाहेरून अक्षरं सरळ दिसत होती, तो मात्र ती उलटी लिहीत होता. कंपाउंडर तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्याने आधी प्रत्येक अक्षराच्या कडेची काळी छाया भरली, ती सुकू दिली आणि मग सोनेरी रंग पाठीवर चढवला.

"परवा दिवसभर इथेच होतो," थोरला म्हणाला. "मालक सांगेल. नाही म्हणायला दुपारी तासभर जेवायला गेलो होतो. बाबांशी माझं पटत नव्हतं, लपवून काय करू? मेलेल्यांचे चेहरे, मेलेल्यांचे चेहरे! लहानपणी झोप लागायची नाही मला. पाट्या बऱ्या, त्या बघत नाहीत." त्याने हात पुसले. "भावजयीने केलं असेल असं मी म्हणत नाही. पण आई रागावलीय. तिच्या तोंडावर सावली नाही, पाहिलंत ना?"

बाहेर पडल्यावर कंपाउंडर म्हणाले, "भाऊजी, हाच! तासभर जेवत कोण असतं?"

"तुम्ही," चष्मेवाले म्हणाले.

लेक शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भेटली. पन्नाशीकडे झुकलेली, ताठ, पांढऱ्या साडीवर रंगाचा एक ठिपका नाही. भिंतीवर तिची स्वतःची चित्रं होती. कागदावरची, नेटकी, सावल्या बारीक रेघांनी भरलेल्या.

"छान हात आहे तुमचा," कंपाउंडर मनापासून म्हणाले.

"बाबांना नाही वाटला. तुझा हात कागदाचा, म्हणायचे. काच दिली नाही कधी." ती खिडकीबाहेर बघत होती. "पण हात असावा तर त्यांच्यासारखा. आईच्या गालाची गोलाई बघा, कशी उतरलीय. वाटतं हात फिरवावा."

कंपाउंडरांचे डोळे भरून आले. त्यांची स्वतःची आई आठवली.

"परवा तुम्ही निघालात तेव्हा वडील कसे होते?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"कामात. मान वर केली नाही. मी दार ओढून घेतलं."

"नंतर खोलीत गेला होतात?"

"नाही. संध्याकाळी बातमी आली, घरी गेले, पण त्या दाराच्या आत पाऊल टाकवलं नाही. अजून नाही टाकवत."

"उद्या सकाळी आठला मात्र यावं लागेल," चष्मेवाले हळूच म्हणाले. "हवालदारांचा निरोप आहे."

* * *

सकाळी आठला त्या खोलीत भिंतीवरच्या चेहऱ्यांशिवाय सात माणसं होती. सून चौकटीला धरून उभी होती, लेक पाठ दाराला लावून. हवालदार घड्याळ बघत होते.

"आटपा लवकर," ते म्हणाले. "बाईंना घेऊन दहाला ठाण्यात पोचायचंय."

"दहाला पोचाल," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी ती काच दोन्ही हातांनी उचलली, सगळ्यांना तिचा सपाट चेहरा दाखवला आणि मग ती फिरवली.

सुनेच्या तोंडून किंकाळी निघाली. काचेच्या पाठीवर, गव्हाळ रंगाच्या वर, सासूबाईंच्या गालाखाली सावली होती. हनुवटीखाली होती. नाकाच्या कडेला होती. बारीक, नेटक्या रेघांनी भरलेली.

"सावली कुठेही पळाली नव्हती," चष्मेवाले म्हणाले. "ती चुकीच्या बाजूला आहे. सूनबाई, चारला तुम्ही पाहिलीत ती वरून, पाठीवरची. हवालदारांनी काच उभी केली, पुढून पाहिली, तर सावलीच्या पुढे चेहऱ्याचा रंग. दिसणार कशी?"

"पण मामंजी असं..." सून म्हणाली. "कसं शक्य आहे? त्यांचं डोकं फिरलं होतं का हो? मला कळलंच नाही का?"

"त्यांचं डोकं शाबूत होतं. हे काम त्यांचं नाही. ज्याने केलं त्याला चित्र काढता येतं, पण काचेचा क्रम ठाऊक नाही. कागदासारखं केलंय. आधी रंग, वर सावली. आणि कड बोटाने विरवलेली नाही, रेघांनी भरलीय."

हवालदारांनी घड्याळ खिशात टाकलं.

"म्हाताऱ्यांचं काम यात एवढंच," चष्मेवाल्यांनी काच परत फिरवून डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "ही एक सावली. पुढून दिसते, कारण ती योग्य वेळी लागली. त्यांच्या अंगठ्याला रंग होता, बाकी बोटं स्वच्छ. तीन तास टिपणाऱ्याची दहाही बोटं माखतात. म्हणजे त्यांनी पहिली सावली टिपली आणि तिथेच काम थांबलं. हवालदारसाहेब, तुमचा हिशोब बरोबर होता, पण तीन तासांचा चेहरा त्यांनी केलाच नाही. ते अकरानंतर थोड्याच वेळात पडले. त्या वेळी सूनबाई बाहेर होत्या."

"मग केला कुणी?" थोरला पुढे सरकला.

"तुम्ही नाही. तुम्ही अक्षराची छाया आधी भरता, सोनं मागून. हा क्रम तुमच्या हातात बसलाय, झोपेतही चुकणार नाही. फ्रेमवाल्यांना खिळा धरता येत नाही, ब्रश काय धरणार? सूनबाईंना हा क्रम सहा वर्षांपासून ठाऊक आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "राहिलं कोण? ज्याने रेघा ओढताना पाहिल्या, पण सावलीच्या दिवशी ज्याच्या तोंडावर दार बंद झालं, ते माणूस. काल तुम्ही आम्हाला आईच्या गालाची गोलाई सांगितलीत, बाई. पुढून ती कुणालाच दिसत नाही. पाठीवरून दिसते, आणि काच पाठ वर करून आडवी होती फक्त सहापर्यंत. तुम्ही तर साडेबारानंतर या खोलीत आलाच नाहीत. साडेबाराला हा चेहरा पुरा झाला असेल, तर तो तुम्हीच केला असणार."

लेकीने हात छातीशी धरले होते. बोलली तेव्हा आवाज एखाद्या लहान मुलीचा होता.

"उजवी बाजू ते हिला देणार होते. माझ्या आईची. मी म्हटलं, बाबा, मला द्या, एकदा द्या. म्हणाले, बिघडवशील. मी त्यांचा हात धरून ओढला. एवढंच. ते उठले आणि तोल गेला." तिने घोडीच्या पायाकडे पाहिलं. "डोळे उघडे होते. हलत नव्हते. मला वाटलं गेलेच. आणि ते आरशात दिसत होते. मी जिकडे बघेन तिकडे. म्हणून फडका टाकला."

"आरसा झाकला नसता," चष्मेवाले म्हणाले, "तर चूक तुम्हाला पहिल्या रेघेलाच दिसली असती."

"हाक का नाही मारली वन्सं?" सुनेने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं.

"आधी वाटलं, त्यांना दाखवू. पुरा करून दाखवू, मला येतं म्हणून. ब्रश हातात होता. मग पुरा झाला आणि भीती वाटली. तू आलीस. तोंडातून निघून गेलं, बाबा सावलीला बसलेत. मग ते मागे घेता येईना." ती दारापासून निघाली आणि प्रथमच काचेसमोर, पुढच्या बाजूला, येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. डोळ्याखालची ती एक सावली, आणि बाकी सपाट रंग.

"इथून माझं काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

सुनेने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

हवालदार जवळ आले. लेक वळली आणि अचानक कंपाउंडरांसमोर थांबली. दवाखान्यातला माणूस, हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

"तुम्हाला कळतं ना यातलं? मी रंगवत होते, तेव्हा ते खाली होते. खालून काच पुढून दिसते." तिने घोडीखाली बोट दाखवलं. "त्यांनी पाहिलं असेल का?"

खोलीतले सगळे चेहरे कंपाउंडरांकडे बघत होते. जिवंत आणि दुसरे. त्यांना फरशीवरचा डाग दिसत होता, भिंतीपर्यंत गेलेला. त्यांना माहीत होतं, छाती चालू असल्याशिवाय रक्त तिथवर जात नाही. अर्धा तास. कदाचित जास्त. तेवढ्या वेळात दवाखाना गाठता आला असता. तेवढ्या वेळात खाली पडल्या पडल्या त्या म्हाताऱ्याने आपल्या बायकोचा चेहरा सपाट होताना पाहिला असेल, आणि "आधी सावली, पोरी" एवढं सांगायलाही त्याची जीभ वळली नसेल.

"नाही," कंपाउंडर म्हणाले. "पडले त्याच क्षणी संपलं होतं. मी डाग पाहिलाय. त्यांना काही कळलं नाही."

लेकीने डोळे मिटले. मान हलवली. मग ती हवालदारांबरोबर गेली.

दोघे रस्त्याला लागले. कोपऱ्यावर कंपाउंडर थांबले.

"डॉक्टरांच्या कागदात खरं येईलच, भाऊजी. तिला कळेलच."

"कळेल."

"मग मी असं का बोललो?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माहीत नाही, मेहुणे. पण तुमच्या तोंडात आज प्रथम तीळ भिजला." आणि त्यांनी कंपाउंडरांचा हात धरून रस्ता ओलांडला, कारण कंपाउंडरांना समोरचं नीट दिसत नव्हतं.